नऊ, पाच, सहा

ट्रान्झिस्टर घरात आला आणि जगदेव पट्टेबहादूर यांच्या घरातली शांतता गेली. रेडिओच्या आवाजानं गेली असती तर कुणाची तक्रार नव्हती. ती गेली रेडिओच्या काळजीनं.

जगदेवराव शेलूबाजारला सोसायटीच्या गोदामावर गोदामकीपर होते. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि तो चालताना असा वाजायचा की वस्तीतली माणसं मान वर न करता सांगत, "जगदेव आला." जगातली प्रत्येक वस्तू कुलपात असावी असं त्यांचं ठाम मत होतं. "बिनकुलपाची वस्तू आपली नसते," ते म्हणत, "ते फक्त आपल्या घरी मुक्कामाले असते." हे मत ते विचारल्याशिवायच सांगत, त्यामुळे वस्तीत ते सगळ्यांना पाठ होतं.

रेडिओ आला त्या आठवड्यात वस्ती त्यांच्या ओसरीवर लोटली. कुणाला कापसाचे भाव ऐकायचे होते, कुणाला गाणी, आणि काटा फिरवायचा मात्र सगळ्यांनाच होता. शेजारच्या भागिरथाबाई एका कानानं जरा कमी ऐकत. त्या आल्या की पहिलं काम आवाज वाढवायचं करत. आठवडा संपायच्या आत रेडिओचा मसाला, म्हणजे सेल, उतरला. नवे सेल टाकताना जगदेवरावांचा चेहरा घरातलं माणूस दवाखान्यात असल्यासारखा झाला होता.

"रेडिओ ऐकाची वस्तू हाये, हाताळाची नाई," त्यांनी जाहीर केलं आणि रेडिओ उचलून वच्छलाबाईंच्या लग्नातल्या लोखंडी पेटीत ठेवला. पेटीला मोठं पितळी कुलूप ठोकलं. किल्ली जुडग्यात गेली आणि जुडगा गोदामावर गेला.

आता त्या पेटीत नुसता रेडिओ नव्हता. ठेवणीतल्या साड्या होत्या, एक गोधडी होती, पाहुण्यांच्या कपबशा होत्या, आणि मुंग्यांच्या भीतीनं साखरेचा डबासुद्धा होता. दुसऱ्याच दिवशी वच्छलाबाई भर उन्हात गोदामावर हजर झाल्या.

"किल्ली द्या."

"कायले?"

"साखर काढाले."

"साखर कायले?"

"चहात टाकाले! चहा कायले म्हनून विचारान, तं पेटीच आनून ठेवतो इथं तुमच्या उरावर."

खताच्या रांगेतले शेतकरी हसले. जगदेवरावांनी जुडग्यातून किल्ली काढून दिली, पण ती परत येईपर्यंत त्यांचं तोलाईत लक्ष लागलं नाही. असं तीन-चारदा झाल्यावर त्यांनाही पटलं की कुलूप हवं, पण किल्ली नको.

असलं कुलूप मदनसिंगाकडं निघालं. मदनसिंग जवळच्या तांड्यावरचा. शेलूबाजार, रिसोड, शिरपूर असे बाजार करायचा आणि जमिनीवर पोतं अंथरून बॅटऱ्या, कात्र्या, आरसे, कुलपं विकायचा. त्यानं तीन चकत्यांचं एक चकचकीत कुलूप जगदेवरावांच्या हातात ठेवलं.

"याले किल्लीच नाई, साहेब. तीन आकडे जुळले की खट्, खुललं. किल्ली तुमच्या डोस्क्यात."

"अन् डोस्कं हरपलं तं?"

"मंग कुलपाची फिकीर कोन करन?"

जगदेवरावांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. आकडा कसा बसवायचा तेही मदनसिंगानं करून दाखवलं. कुलूप उघडायचं, कडी उलट्या बाजूला फिरवायची, आत घट्ट दाबून धरायची, तशीच दाबून चकत्या फिरवायच्या आणि मग सोडायची. "दाबून धराचं इसरू नका," तो दोनदा म्हणाला. जगदेवरावांनी घरी येऊन, दाराला आतून कडी लावून, आपला आकडा बसवला.

आकडा कोणता ठेवावा हा विचार त्यांनी फार केलाच नाही. तो आकडा त्यांच्या मनात आधीपासूनच बसलेला होता. एकोणीसशे छप्पन! त्या साली वस्तीतली म्हातारी-कोतारी, बाया, लेकरं, जमेल तसं नागपूरला गेली होती आणि दीक्षा घेऊन, ताठ मानेनं परत आली होती. तरुण जगदेव त्यात होता. कुलपाला चकत्या तीनच, म्हणून पुढचा एक सोडला. राहिले नऊ, पाच, सहा. विसरायची भीती नाही आणि दुसऱ्याला सुचायचा प्रश्न नाही, असं त्यांना मनापासून वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गोदामावर गेले, तेव्हा पेटीभोवती वच्छलाबाई, मुलगी विजयमाला आणि भागिरथाबाई बसल्या होत्या.

"बाबांनी आकडा सांगतला नाई," विजयमाला म्हणाली. ती मॅट्रिक झाली होती. "हजार आकडे होतात. एकेक फिरवून पाहाले सांज होईन."

"हजार कायले पाह्यजेत?" भागिरथाबाई म्हणाल्या. "त्या मानसाच्या डोस्क्यात आकडाच एक हाये. छप्पनचा फिरव."

विजयमालानं फिरवला. खट्.

तिघी एकमेकींकडं पाहून इतक्या हसल्या की वच्छलाबाईंना पदर तोंडात कोंबावा लागला. मग त्यांनी रेडिओ लावला. पेटीतून बाहेर काढला मात्र नाही. जगदेवराव अचानक आले तर नुसतं झाकण पाडून चकत्या फिरवल्या की झालं, ही वच्छलाबाईंची व्यवस्था. तेव्हापासून रोज दुपारी तीन बायका पेटीत डोकं घालून बसू लागल्या. रेडिओच्या दुपारच्या सभेत, म्हणजे प्रसारणात, बायकांसाठी एक श्रुतिका लागायची. त्यातली सून सासूशी भांडून माहेरी गेली होती आणि परत येते की नाही, यावर तिघींची तीन मतं होती. सभा संपली की रेडिओ बंद, झाकण बंद, चकत्या वाकड्या-तिकड्या. संध्याकाळी जगदेवराव येत, पाठ करून बसत, आकडा जुळवत, रेडिओ काढत आणि म्हणत, "पाहा, मसाला कसा टिकला! कुलपाचा गुन हाये."

मसाला खरं तर टिकत नव्हता. पण माणसाचा एकदा कुलपावर विश्वास बसला की कान त्याला साथ देतात.

असे बरे दिवस चालले असताना विजयमालासाठी रिसोडहून स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर, वडील उकंडराव सरळ माणूस, घर चांगलं. मुलाचा फोटो आला होता, तो विजयमालानं एकदा पाहून ठेवून दिला, आणि मग कुणी नसताना पुन्हा पाहिला. हे वच्छलाबाईंनी पाहिलं होतं. त्यामुळं हे स्थळ जमावं असं त्यांना फारच वाटत होतं. पाहुणे परवा येणार असा निरोप मिळाला. जगदेवरावांनी बेत ठरवला. पोरीला पेटीतली जांभळी साडी, चहा पेटीतल्या कपबशांत, त्यात पेटीतली साखर, आणि पाहुणे टेकले की टेबलावर रेडिओ. पाहुण्यांनी ओळखलं पाहिजे, घर कसं आहे ते.

नेमकं आदल्या दिवशी बाजारात मदनसिंग भेटला.

"कुलूप कसं हाये साहेब?"

"एक नंबर! देवालेबी खुलनार नाई."

"देवाचं मी सांगत नाई," मदनसिंग म्हणाला. "पन तुमच्या वस्तीतल्या कोनालेबी खुलन. मी तुमच्या लोकायले गावोगाव कुलपं इकली. आकडा कोनी सांगत नाई, पन मले मालूम हाये ना. नऊ, पाच, सहा."

जगदेवरावांच्या हातातली पिशवी खाली आली. "तुले कोनं सांगतलं?"

"सांगाले कायले पाह्यजे? आमच्या तांड्यावरचे समदे आपल्या बैलजोडीच्या खरेदीचं साल ठेवतात. तेबी मले मालूम हाये. असा आकडा ठेवा साहेब, ज्याचा काही मतलबच नाई."

रात्रभर जगदेवराव बिनमतलबाचा आकडा शोधत राहिले. एकशे चव्वेचाळीस मनात आला, तर ती चौदा एप्रिल निघाली. सहाशे बारा म्हणावं तर ती सहा डिसेंबर. जन्मसाल, लग्नाचं साल, गोदामाचा नंबर, प्रत्येक आकड्याला कुठून तरी अर्थ येऊन चिकटे. शेवटी सकाळी दात घासताना तीनशे सत्त्याऐंशी सुचला. त्याचा कशाशीच संबंध नव्हता. त्यांनी घाईघाईनं कुलूप उघडलं, कडी उलटी फिरवली, चकत्यांवर तीन, आठ, सात आणले आणि पेटीला कुलूप लावून चकत्या विस्कटल्या. दाबून धरायचं तेवढं राहिलं. सोसायटीत पोतं तोलून घेतल्याशिवाय सही न करणारा हा माणूस, पण आपलंच कुलूप एकदा उघडून पाहावं हे त्याला सुचलं नाही.

"मी दुपारी लवकर येतो," जाताना ते म्हणाले. "साडी, कपबशा मीच काढून देईन. पेटीले कोनी हात लावू नका."

"आमी कायले लावतो?" वच्छलाबाई म्हणाल्या.

घर सारवून, पोहे निवडून दुपारी तिघी मोकळ्या झाल्या. वच्छलाबाईंनी ठरवलं होतं की आज पेटी उघडायची नाही. पण आज श्रुतिकेचा शेवटचा भाग होता.

"सून येते का नाई ते समजल्याशिवाय मले तं घास उतरनार नाई," भागिरथाबाई म्हणाल्या.

विजयमालानं नऊ, पाच, सहा फिरवलं आणि कुलूप नेहमीसारखं उघडलं. आकडा बदललाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि कुलपालाही ठाऊक नव्हतं. वर जांभळी साडी होती. वच्छलाबाईंनी तिच्यावर हात फिरवला, इस्त्री करून ठेवावी असं त्यांना फार वाटलं, पण काढली तर पकडले जाऊ म्हणून तशीच राहू दिली. भागिरथाबाईंनी आवाज वाढवला. सून शेवटी परत आली. सासूनं दार उघडलं, दोघी रडल्या, आणि पेटीबाहेरच्या तिघीही रडल्या. निवेदिकेनं सभा संपल्याचं सांगितलं. भागिरथाबाई डोळे पुसत होत्या, तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी आणि पाठोपाठ किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"आले वो!"

भागिरथाबाईंनी साड्या लोटून झाकण धाडकन पाडलं, विजयमालानं कुलूप दाबलं, वच्छलाबाईंनी चकत्या फिरवल्या, आणि जगदेवराव दारात आले तेव्हा तिघी पोहे निवडत होत्या. निवडलेलेच पोहे.

रेडिओचं बटण बंद करायचं राहिलं होतं.

जगदेवराव हातपाय धुऊन पेटीपुढं बसले. तीन, आठ, सात. कुलूप उघडलं नाही. त्यांनी पुन्हा फिरवलं, मग ओढून पाहिलं, मग फुंकर मारून पाहिलं.

"काय झालं?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"काही नाई. आकडा बदलला सकाळी. नवा हाये, जरा घट्ट हाये."

वच्छलाबाई चपापल्या. सकाळी बदलला, तर दुपारी जुन्यावर उघडला कसा? पण हा प्रश्न नवऱ्याला विचारता येण्यासारखा नव्हता.

"जुना फिरवून पाहा ना एकदा," त्या जपून म्हणाल्या.

"जुना कोनता? तुले काय मालूम जुना?"

"मी म्हनतो, असन काहीतरी जुना."

"बदलला म्हंजे बदलला! मंत्री बदलल्यावर जुन्याची सही चालते का?"

एवढ्यात पेटीतून खरखर ऐकू आली. सभा संपलेली होती, रेडिओ मोकळ्या हवेत खरखरत होता, आणि वर चार साड्या आणि गोधडी असल्यामुळं तो आवाज बारीक आणि दबका येत होता. जगदेवरावांनी कान लावला आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"उंदीर! पेटीत उंदीर शिरला! साडी खाऊन राह्यला तो!"

तिघींना आता सगळं समजलं. विजयमालाचा चेहरा बापापेक्षा पांढरा झाला. तिनं आईकडं पाहिलं, आईनं भागिरथाबाईंकडं पाहिलं, आणि भागिरथाबाईंना ऐकूच आलं नव्हतं.

"कोनता उंदीर?" त्या मोठ्यानं म्हणाल्या.

आणि पाहुणे आले.

रिसोडच्या एसटीनं उकंडराव, त्यांच्या बायको चतुराबाई आणि मास्तर मुलगा असे तिघं उतरले होते. "जयभीम, जयभीम" झालं, पाणी झालं. विजयमाला घरातल्या धुतल्या साडीत आली. चहा भागिरथाबाईंच्या घरच्या कपांत आला, त्यातल्या दोन कपांना कान नव्हते, आणि साखर पेटीत असल्यामुळं तो गुळाचा होता. जगदेवराव पेटीकडं पाठ करून, जमेल तितकी पेटी अंगानं झाकून बसले. मास्तर मुलानं विजयमालाकडं एकदा पाहिलं आणि मग कपात पाहत राहिला. त्याच्या कपाला कान नव्हता, त्यामुळं त्याला पाहायला निमित्त होतं.

"पोरीचं शिक्षन?" उकंडरावांनी विचारलं.

"मॅट्रिक," जगदेवराव म्हणाले. "सेकंड क्लास."

तोच संध्याकाळची सभा सुरू झाली. पेटीतून आधी सनई-तंबोऱ्यासारखं काहीतरी घुमलं, मग एक पुरुष खाकरला आणि बोलू लागला. भागिरथाबाईंनी आवाज वाढवून ठेवला होता, त्यामुळं तो गोधडीतूनही स्पष्ट बोलत होता.

उकंडरावांनी कप खाली ठेवला. "जगदेवराव, पेटीत कोन हाये?"

"कोनी नाई!"

"शेतकरी बंधूंनो," पेटी म्हणाली.

"रेडिओ हाये तो," वच्छलाबाई दारातून घाईनं म्हणाल्या. "नवा हाये."

"मंग काढा ना भाईर. आमीबी ऐकतो."

"काढू ना," जगदेवराव जागचे न हलता म्हणाले. "आधी आपली बोलनी होऊ द्या."

उकंडराव भला माणूस. त्यांनी बोलणी पुढं नेली. "आमाले देन्या-घेन्याचं काही नाई. विहारात, साध्या पद्धतीनं लग्न. पोरगी फक्त निरोगी, समजदार पाह्यजे."

"पाने वरून हिरवी दिसली तरी खालची बाजू उलटवून पाहावी," पेटीनं सांगितलं. "कीड बहुधा तिथेच असते."

मास्तर मुलाला चहा नाकात गेला. विजयमालानं मान खाली घातली, आणि तिचे खांदे हलत होते ते रडण्यानं की हसण्यानं हे कुणाला कळलं नाही.

"बंद तरी करा बाप्पा त्याले," उकंडराव म्हणाले.

मग जगदेवरावांना सांगावंच लागलं. सांगतानाही त्यांनी मान खाली घातली नाही. "कुलूप असं हाये पाहुणे, की दुनियेत फक्त मलेच खुलते. अन् आज मलेबी खुलून नाई राह्यलं."

तोपर्यंत दारात वस्ती जमली होती. पेटी बोलते आहे ही बातमी पसरायला वेळ लागत नाही. प्रत्येकाजवळ इलाज होता. एक म्हणाला कानशीनं कडी कापा. दुसरा म्हणाला मागून बिजागरी उपटा. तिसरा म्हणाला काहीच करू नका, मसाला उतरला की आपोआप गप्प होईल. एक म्हातारा म्हणाला, किल्लीचं कुलूप बरं, किल्ली हरवली तर निदान शोधता तरी येते. हरवलेला आकडा कुठं शोधायचा?

"हरपला नाई!" जगदेवराव ओरडले. "तीनशे सत्त्याऐंशी हाये!" एवढा जपलेला आकडा त्यांनी अख्ख्या वस्तीला सांगून टाकला. "तीनशे सत्त्याऐंशी का सातशे त्र्याऐंशी... नाई, तीनशेच." आणि त्यांचा स्वतःचाच स्वतःवरचा विश्वास उडाला. ते एकदम खाली बसले. आयुष्यभर लोकांचं धान्य सांभाळलेला माणूस, ज्या दिवशी पोरीसाठी चार माणसांत उभं राहायचं त्याच दिवशी स्वतःची पेटी उघडू शकत नव्हता. वच्छलाबाईंना त्याची फार दया आली. एका वाक्यात सुटका करता आली असती. पण त्या वाक्यातून दुसरी शंभर वाक्यं निघाली असती, आणि तीही पाहुण्यांसमोर.

"सरका," उकंडराव म्हणाले. "पाहू द्या मले."

त्यांनी खिशातून चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पेटीपुढं मांडी घातली आणि कुलूप हातात घेतलं. उकंडरावांनी पहिली चकती फिरवली, दुसरी फिरवली, तिसरी फिरवली.

खट्.

पेटी उघडली. "नमस्कार," आतला माणूस म्हणाला, कारण त्याचा कार्यक्रम नेमका संपला होता.

जगदेवराव उकंडरावांच्या हाताकडं पाहत होते. चकत्यांवर नऊ, पाच, सहा होते.

"पन मी बदलला होता," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"दाबून धरलं नसन," उकंडराव म्हणाले. "माह्याबी घरी हेच कुलूप हाये, मदनसिंगापासूनच घेतलं. त्यानं मलेबी सांगतलं, आकडा बदला, कोनालेबी सुचन. मी नाई बदलला." त्यांनी रेडिओ बाहेर काढला, बंद केला आणि जगदेवरावांच्या हातात दिला. "मी त्याले म्हनलं, समज चोर आला. अन् त्या चोरानं पह्यल्या झटक्यात नऊ-पाच-सहा फिरवलं. मंग तो चोर कायचा? तो आपलाच मानूस. त्याले बसव, चहा पाज."

जगदेवरावांना हसू आलं. नागपूरच्या त्या दिवशीची गर्दी त्यांना आठवली. अनोळखी माणसांनी भाकरी वाटून घेतली होती आणि कुणी कुणाला गाव विचारलं नव्हतं. "तुमीबी होते का तिथं?" त्यांनी विचारलं.

"होतो ना. आपली गाठ पडाची राह्यली तेवढी."

वस्तीतल्या माणसांना आता निघायला हरकत नव्हती, पण कुणी निघालं नाही. साखर निघाली, कपबशा निघाल्या आणि चहा पुन्हा ठेवला गेला.

चतुराबाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि "पोरीशी बोलतो जरा" म्हणून आत चुलीपाशी गेल्या. विजयमाला साखर घालत होती. वच्छलाबाई आणि भागिरथाबाई बाजूला उभ्या होत्या. चतुराबाईंनी दार लोटून घेतलं.

"सांज झाल्यावर रेडिओ आपोआप बोलला," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हंजे दुपारी सभा संपेपर्यंत चालू होता. तुह्ये बाबा तं दुपारी गोदामावर होते ना, पोरी?"

चमचा विजयमालाच्या हातात थांबला. सकाळी बाबांकडून चालू राहिला असेल, असं म्हणणं सोपं होतं. बाबांनीसुद्धा ते मानलं असतं. तिनं आईकडं पाहिलं. आईची मान जमिनीकडं होती.

"मी उघडला होता," विजयमाला म्हणाली. "रोजच उघडतो. आज शेवटचा भाग होता, अन् बंद कराचं राह्यलं."

"आवाज मी वाढवला होता," भागिरथाबाई म्हणाल्या. बाकीचं त्यांना ऐकू आलं नव्हतं, पण वेळ कसली आहे ते कळलं होतं.

चतुराबाईंनी तिघींकडं आळीपाळीनं पाहिलं. मग दाराकडं एकदा नजर टाकून त्या विजयमालाच्या अगदी जवळ सरकल्या.

"सून परत आली का वो?"

"अं?"

"त्या नाटकातली! शेवटचा भाग! मले हे दोघं दुपारच्या एसटीत बसवून इकडं घेऊन आले, अन् माहं आयकाचंच राह्यलं. महिनाभर पेटीत डोस्कं घालून बसली मी, अन् आजच!"

वच्छलाबाईंनी मान वर केली. त्यांना विश्वास बसायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी तिथंच, चुलीपुढं, चतुराबाईंचा हात धरला. "आली, इहीनबाई, आली! सासूनंच दार उघडलं."

"मी म्हनतच होती!" चतुराबाई म्हणाल्या, आणि त्यांचेही डोळे भरले. मग पदरानं ते पुसून त्या विजयमालाला म्हणाल्या, "पन एक ध्यानात ठेव. बटन पुरं फिरलं की टक् वाजते. ते टक् आयकल्याशिवाय झाकन पाडाचं नाई. मीबी एकदा फसली होती. ह्यायले वाटलं पेटीत भूत हाये, आठ दिवस तिच्याजवळ गेले नाईत."

बाहेर येऊन त्यांनी उकंडरावांना सांगितलं की पोरगी पसंत आहे, खोटं बोलत नाही. उकंडरावांनी एवढ्या थोड्या वेळात हे कसं कळलं असं विचारलं. बायकांना कळते, असं त्यांनी सांगितलं. मास्तर मुलाला कुणी विचारलंच नाही, पण त्याचा कप केव्हाच रिकामा झाला होता आणि तो अजून त्यातून पीत होता.

पुढच्या बाजारात जगदेवराव मदनसिंगाला भेटले. आकडा बदलला का, असं त्यानं विचारलं.

"नाई," जगदेवराव म्हणाले. "इचार केला मी. वस्तीत समद्यायले वाटते का जगदेव आता आकडा बदलल्याशिवाय राहनार नाई. म्हंजे जुना आता कोनीच फिरवून पाहनार नाई. त्याच्यावानी पक्का आकडा दुनियेत नाई."

मदनसिंगानं यावर बराच विचार केला, पण त्याला खोट सापडली नाही. त्यानं जगदेवरावांना रेडिओचा मसाला दिला. तो अलीकडं ते जरा जास्तच नेत होते.

लग्न विहारात, साध्या पद्धतीनं झालं. विजयमाला रिसोडला नांदायला गेली. पहिल्याच आठवड्यात उकंडरावांनी सुनेला समोर बसवून घरातल्या चार गोष्टी सांगितल्या. विहीर कुठं, दळण कुठं, कोणती म्हैस मारकी आहे. शेवटी त्यांनी कोपऱ्यातल्या पेटीकडं बोट दाखवलं.

"अन् त्या पेटीत रेडिओ हाये. तुह्या बापाच्या कुलपाचा किस्सा झाला, तवापासून माह्या ध्यानात आलं. समद्यायच्या समोर मी आकडा बोलून बसलो. म्हनून परवाच बदलून टाकला, चांगला दाबून धरून. तो आता फक्त मले मालूम हाये."

"बरं, मामाजी," विजयमाला म्हणाली.

उकंडराव समाधानानं शेतात गेले. चतुराबाईंनी दार लोटलं आणि पेटीपुढं पाट मांडला.

"सासूबाई, पन आकडा तं बदलला ना?"

"बदलला ना. अठ्ठेचाळीस सालची ती पांढरी गाय आठवते का, असं परवा ते कुलूप घेऊन बसाच्या आधी मीच त्यायले इचारलं होतं. तासभर तिचेच गुन गाऊन राह्यले होते," चतुराबाई म्हणाल्या. "फिरव. नऊ, चार, आठ."